संध्याकाळी पाचनंतर लेन्स नकोशी का होते?

प्रश्न : वय 27, हिंजवडीत आयटीत नोकरी. दोन वर्षं महिन्याच्या लेन्स वापरते. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 6.50, चष्म्याचाही तोच. सकाळी काही त्रास नसतो. चार-पाच वाजले की डोळे चुरचुरायला लागतात, भुवया जड होतात, आणि घरी पोचेपर्यंत लेन्स काढून फेकून द्याव्यात असं वाटतं. काढल्या की पंधरा मिनिटांत बरं वाटतं. ऑनलाइन मागवून तीन कंपन्यांच्या लेन्स बदलून झाल्या. ड्रॉप्सनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पिंपल्ससाठी त्वचेच्या डॉक्टरांची गोळी सात महिने चालू आहे, बाकी काही औषध नाही. माझ्या डोळ्यांना लेन्स मानवतच नाहीत का?

उत्तर :

मानवत नाहीत हा निकाल इतक्यात देऊ नका. तुमच्या या चार ओळींत मला तीन कारणं दिसली, आणि त्यांतलं बहुधा सगळ्यांत मोठं तुम्ही जाता जाता शेवटी लिहून टाकलं आहे. तिकडे येतेच. आधी तुमच्या एका शब्दाबद्दल.

तुम्ही 'चुरचुरतात' असं लिहिलंत. गेली 22 वर्षं मी पुण्यात लेन्स बसवण्याचंच काम करते. समोरचा माणूस खुर्चीत बसला की मशीनकडे वळण्याआधी मी त्याचं क्रियापद ऐकते. 'डिसकम्फर्ट' हा माहितीपत्रकातला शब्द झाला. आपल्याकडचं माणूस म्हणतं टोचतं, खुपतं, चरचरतं, खाजतं, ठणकतं. या सगळ्याला एकच औषध नसतं. लेन्स घातल्या घातल्या चरचरलं, पाणी आलं आणि पाच मिनिटांत निवलं, तर माझा संशय सोल्युशनवर जातो, नाहीतर बोटांवर. सकाळी डब्याच्या भाजीसाठी मिरच्या चिरलेल्या असतात. हात साबणाने धुतले तरी तिखट नखांच्या कडेला राहतं, आणि नेमकं तेच बोट लेन्स उचलतं. खुपत असेल, तेही एकाच डोळ्यात आणि एकाच जागी, तर लेन्सची कड फाटलेली असते, लेन्स उलटी बसलेली असते किंवा खाली कण अडकलेला असतो. लेन्स काढल्यावर जास्त खाज येत असेल तर मी वरची पापणी उलटून बघते. आतल्या गुळगुळीत अस्तरावर बारीक उंचवटे उठलेले असतात. जुन्या लेन्सवर साचलेल्या थराशी पापणीने धरलेलं हे वैर असतं. आणि ठणकतं म्हटलं की हातातलं काम बाजूला ठेवायचं.

क्रियापद दर वेळी खरं बोलतंच असं नाही. कॉलेजातला एक मुलगा तीन आठवडे 'उजवा डोळा जरा चुरचुरतो' म्हणत केमिस्टकडून ड्रॉप्स नेत होता. मी फ्लुरेसिनची, म्हणजे निळ्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगाची, पट्टी लावली, निळा प्रकाश टाकला, पापणी वर उचलली, तर वरच्या घडीत हिरवट पिवळं काहीतरी चमकलं. अख्खी लेन्स, चौघडी घातल्यासारखी दुमडलेली. 'एक रात्री बेसिनमध्ये वाहून गेली असं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी नवीन घातली,' असं तो म्हणाला. लेन्स डोळ्याच्या मागे जाईल ही भीती पुष्कळांना असते. तशी वाटच नाही. पापणीचं अस्तर मागे दुमडून बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर येतं आणि पिशवी तिथेच बंद होते. पण त्या पिशवीच्या घडीत लेन्स कितीतरी दिवस लपून राहू शकते. म्हणून हरवलेली लेन्स बेसिनच्या जाळीत शोधायच्या आधी डोळ्यात शोधावी.

त्यामुळे क्रियापदाला मी घड्याळाची जोड देते. केव्हा सुरू होतं आणि लेन्स काढल्यावर काय होतं, हे दोन प्रश्न विचारले की निम्मं निदान झालेलं असतं. तुमची दोन्ही उत्तरं दिलासा देणारी आहेत : सकाळी ठीक, संध्याकाळी त्रास, काढल्यावर आराम. टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या संस्थेने 2013 मध्ये लेन्सच्या त्रासावर जगभरच्या तज्ज्ञांचा मोठा अहवाल काढला. त्यांची व्याख्याही याच धाग्यावर आहे : लेन्स आणि डोळ्याचं वातावरण एकमेकांशी जुळेनासं झालं की होणारा त्रास. लेन्स काढली की असा त्रास ओसरतो. काढल्यावरही तसाच राहिला किंवा वाढला, तर तो लेन्सचा त्रास नसून डोळ्याचा आजार समजायचा. यातली एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. बुबुळावर ओरखडा असेल तर लेन्स त्यावर पट्टीसारखी बसलेली असते आणि काढल्यावरच खरी कळ येते. 'लेन्स घातली की बरं वाटतं' असं सांगत येणाऱ्या पेशंटला मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडते.

आता संध्याकाळच्या चुरचुरण्याकडे. डोळ्यावरचा अश्रूंचा थर जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. तुमच्या नंबरची लेन्स मध्यभागी 70-80 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कागदाहून पातळ पाण्याच्या थरात आपण पंधरा-वीस पट जाड वस्तू ठेवतो आणि त्या थराचे दोन तुकडे करतो, एक लेन्सच्या वर, एक खाली. वरचा थर आधीसारखा टिकत नाही, भराभर उडून जातो. लेन्सचा पृष्ठभाग कोरडा पडला की पापणीची आतली कड त्यावर घासायला लागते. मिनिटाला 15 वेळा पापणी मिटते असं धरलं, तर 14 तासांत साडेबारा हजारांच्या वर घासे होतात. कांदा चिरताना पाणी येतं म्हणून माझा डोळा कोरडा नाही, असं लोक हमखास सांगतात. ते पाणी म्हणजे धावत आलेली अग्निशमन दलाची गाडी. रोजचा नळ वेगळा असतो, आणि तो कोरडा असू शकतो.

हा थर उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाचा तवंग असतो. रश्श्यावर तर्री असते तसा. हे तेल पापणीच्या कडेला ओळीने बसलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. आणि इथे तुमची पिंपल्सची गोळी येते.

गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. पण सात महिने चालणारी पिंपल्सची गोळी म्हटलं की मला पहिलं आयसोट्रेटिनॉइन आठवतं. त्वचेतल्या तेलग्रंथी आक्रसवणं हेच तिचं काम. पापणीतल्या ग्रंथी त्यांच्याच भावकीतल्या, त्यामुळे त्यांचंही तेल आटतं. साधी खूण सांगते : गोळी सुरू झाल्यापासून ओठ सतत फुटतात का, लिप बाम पर्समध्ये कायम असतो का? असेल तर तोच कोरडेपणा तुमच्या पापण्यांच्या कडेलाही आहे आणि लेन्सची कंपनी बदलून तो जाणार नाही. कृपया गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्वचेच्या डॉक्टरांना सांगा की मी लेन्स घालते आणि डोळे कोरडे पडतात. कोर्स संपेपर्यंत कमी तास लेन्स किंवा सरळ चष्मा, हे मी अनेकींना सांगितलं आहे. पुढे बहुतेकींना लेन्स पुन्हा नीट घालता आल्या. गोळी डॉक्सीसायक्लिन असेल तर मात्र हे सगळं लागू नाही, ती उलट या ग्रंथींच्या उपचारातही देतात. जाता जाता : सर्दी-ॲलर्जीसाठी रोज रात्री घेतलेली सेटिरिझिनही डोळे सुकवते, आणि तिला कुणी औषधात धरतच नाही.

दुसरं कारण नंबर. चष्मा उणे 6.50 आणि लेन्सही उणे 6.50, हे जुळत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर. हे अंतर गेलं की उणे नंबर कमी लागतो. 4 च्या पुढे हा फरक धरावाच लागतो, आणि 6.50 चा हिशेब 6.00 येतो. म्हणजे दोन वर्षं तुम्ही अर्धा नंबर जास्त घालताय. तरुण डोळा ते सहन करतो, आतल्या स्नायूवर ताण देऊन स्पष्ट बघतो. पण हा ताण दिवसभर स्क्रीनवर चालतो आणि संध्याकाळी भुवईवर उतरतो. तुमच्या भुवया जड होतात त्या यामुळे असाव्यात. शिवाय उणे नंबरवाल्यांना जवळचं बघायला चष्म्यापेक्षा लेन्समधून तसंही थोडं जास्त जोर लावावा लागतो. चाळिशीजवळ आलेली मंडळी 'चष्म्यातून वाचता येतं, लेन्समधून नाही' म्हणतात ते खोटं नसतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये चष्म्याचा कागद बघून नंबर भरला की ही चूक होतेच. फॉर्मचं काम तुम्ही लिहाल तो नंबर पाठवणं, त्यापुढे तो काही विचारत नाही. त्याच कागदावर लेन्सची गोलाई नसते, ती तर बहुतेक जण अंदाजानेच निवडतात. सैल बसलेली लेन्स दर मिटीला सरकते, घट्ट बसलेली दिवस चढेल तशी आवळत जाते आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा वळ दिसतो.

तिसरं कारण तुमचं ऑफिस, आणि ते तुम्हाला माहीत आहेच. स्क्रीनकडे बघताना पापणी मिटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं आणि जे मिटणं होतं तेही अर्धवट. पापणी खालपर्यंत येतच नाही. वरून एसी. माझ्या एका पेशंटचा त्रास फक्त सीट बदलून गेला, कारण छतातला झोत थेट तिच्या चेहऱ्यावर येत होता. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवा. डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्यात मी एवढंच घालते की त्या वीस सेकंदांत पाच-सहा वेळा पापण्या पूर्ण टेकवा, हळू. दुचाकीवर असाल तर हेल्मेटची काच खाली हवी. हिंजवडी ते कोथरूड काच वर करून आलं तर कुठलीही लेन्स सुकणार.

तीन कंपन्या बदलून काही झालं नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, मला नाही. दुकानात 'जास्त पाण्याची लेन्स घ्या, ओलसर राहते' असं सांगतात. खरं तर जास्त पाण्याची लेन्स एसीत तितकंच जास्त पाणी गमावते. प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी 1961 च्या नाताळात, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांतून बनवलेल्या यंत्रावर मऊ लेन्स घडवल्या. तिथपासून कित्येक वर्षं ऑक्सिजन बुबुळापर्यंत नेण्याचं काम लेन्समधलं पाणीच करत होतं. बुबुळाला रक्तवाहिन्या नाहीत, त्याला श्वास बाहेरच्या हवेतून घ्यावा लागतो. 1990 च्या दशकाअखेर सिलिकॉन हायड्रोजेल हे ऑक्सिजन सहज जाऊ देणारं मटेरियल आलं आणि हा श्वासाचा प्रश्न बराचसा सुटला. पण चुरचुरणं सुटलं नाही, कारण ते श्वासाचं नव्हतंच. ते पापणी आणि लेन्सच्या घर्षणाचं होतं. काहींना तर सिलिकॉनची थोडी कडक लेन्स जुन्या मऊ लेन्सपेक्षा जास्त जाणवते. सिलिकॉनवर तेलकट थरही लवकर बसतो. त्यामुळे अमुक मटेरियल सगळ्यांत चांगलं असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकणार नाही.

तुमच्या बाबतीत मी एकच बदल सुचवेन : रोज नवी घालून रात्री फेकून द्यायची डेली लेन्स. थर साचायला वेळ मिळत नाही आणि सोल्युशनची भानगड संपते. महाग पडतात, खरं आहे. मग आठवड्यातले तीन दिवस लेन्स आणि बाकी चष्मा असं करा; डोळ्यालाही ते बरंच. सोबत रोज रात्री लेन्स काढल्यावर गरम शेक द्या. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मनगटावर लावून बघायचा, मग मिटलेल्या पापण्यांवर पाच-सात मिनिटं. निवला की पुन्हा बुडवायचा. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने बोटाने हलकेच दाबत आणायची. ग्रंथीतलं थिजलेलं तेल मोकळं होतं. चार दिवस करून सोडून दिलं तर काही उपयोग नाही, तीन-चार आठवडे लागतात.

ड्रॉप्सचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, बाटली आणा. लेन्सवर चालतील असे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे ड्रॉप्स ठीक. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेले ड्रॉप्स लेन्स शोषून घेते आणि दिवसभर थोडं थोडं डोळ्यात सोडत बसते. लाली घालवणारे ड्रॉप्स तर नकोच. रक्तवाहिन्या आवळून डोळा दोन तास पांढरा दिसतो, असर उतरला की आधीपेक्षा लाल. आणि लेन्स धुण्याचं सोल्युशन हे ड्रॉप्स नव्हेत. ते डोळ्यात घालणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात.

महिन्याच्या लेन्सच चालू ठेवणार असाल तर दोन शब्द डब्बीबद्दल, कारण सगळे लेन्स सांभाळतात आणि डब्बी विसरतात. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून 30 दिवस. आठवड्यातून दोनदाच घातली म्हणून ती चार महिने चालत नाही. रात्री डब्बीत कालचं सोल्युशन तसंच ठेवून वर थोडं नवीन ओतणं बंद करा. लेन्स तळहातावर ठेवून सोल्युशनने दोन्ही बाजूंनी चोळायची, बाटलीवर 'चोळायची गरज नाही' लिहिलं असलं तरीही. सकाळी डब्बी रिकामी करून, टिश्यूने पुसून, उघडी पालथी ठेवा, कमोडपासून आणि बेसिनपासून लांब. तीन महिन्यांनी डब्बी फेका. नळाचं पाणी डब्बीलाही नको, फिल्टरचंही नको, उकळून गार केलेलंही नको. पाण्यात अकँथामिबा नावाचा जीव असतो. तो बुबुळात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात. लेन्स घालून अंघोळ, पोहणं, पावसाळी ट्रेकमध्ये धबधब्याखाली उभं राहणं, सगळं यातच आलं. होळीला चष्मा. लग्नाच्या मेकअपला पार्लरवाली तिच्याकडच्या रंगीत लेन्स 'फक्त फोटोपुरत्या' घालायला सांगते. आधीच्या नवरीने घातलेली लेन्स असते ती. हसून नाही म्हणा. 2023 च्या जुलैत आळंदीपासून पुण्यापर्यंत डोळे आले होते तेव्हा कितीतरी जण लाल डोळ्यावर लेन्स घालून ऑफिसला जात होते. डोळे आले की लेन्स बंद, आणि ती जोडी व डब्बी कचऱ्यात.

झोपताना लेन्स काढता ना? अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुबुळाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण रात्री मऊ लेन्स काढणाऱ्यांत वर्षाला 10 हजारांमागे सुमारे 4 होतं, रात्रभर ठेवणाऱ्यांत सुमारे 21. कंपनीच्या बसमधली तासाभराची डुलकीही मला आवडत नाही, पण ती तुम्ही टाळणार नाही हे मला माहीत आहे. उठल्यावर लेन्स चिकटल्यासारखी वाटली तर ओढू नका. ड्रॉप घाला, पापण्या मिटा-उघडा, लेन्स हलायला लागली की मग काढा.

ठणका, उजेड सहन न होणं, नजर धुरकट होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, वाढत जाणारी लाली : यांतलं काहीही दिसलं तर मला मेसेज करून वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्यावर पट्टी बांधू नका. केमिस्ट 'सगळ्यावर चालतो' म्हणून देतो तो ड्रॉप घेऊ नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आत संसर्ग पसरतो. काढलेली लेन्स, डब्बी, सोल्युशन फेकू नका, बरोबर न्या. जंतू कोणता हे कधी कधी डब्बीतूनच कळतं.

तुमच्यासाठी सध्या इतकी घाई नाही. पण या महिन्यात तपासून घ्या, माझ्याकडे किंवा घराजवळच्या कुठल्याही ऑप्टोमेट्रिस्टकडे. फक्त सकाळची वेळ घेऊ नका. सकाळी तुमचे डोळे छान असतात आणि आम्हाला काहीच दिसत नाही. संध्याकाळी सहाची वेळ घ्या, ऑफिसातून सरळ, लेन्स घालूनच या. चष्मा, ड्रॉप्स, गोळीचं पाकीट आणि डब्बी बरोबर आणा. डब्बी धुऊन आणू नका, जशी असेल तशी आणा.